टोकन देण्याआधीचे पंधरा दिवस

पुण्यात किंवा नाशिकमध्ये राहणारं कुटुंब, मुलगी नोएडाच्या आयटी कंपनीत. एक दिवस तिचा फोन येतो. एक रीसेल फ्लॅट आहे, भाडं चांगलं येईल, मालक परदेशी निघालाय. आज पाच लाख टोकन दिलं तर हा भाव, उद्या दुसरी पार्टी येतेय. कागदपत्रं? ती नंतर दाखवतील. वकिलाला दाखवू आणि काही निघालंच तर टोकन परत घेऊ, असं डीलरनं सांगितलंय.

दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरिदाबाद या पट्ट्यात पैसे गुंतवणाऱ्या मराठी वाचकांचा गोंधळ बहुतेक वेळा या शेवटच्या वाक्यापाशी होतो. टोकन दिल्यावर चौकशीसाठी काही दिवस मिळतात आणि खटकलं तर व्यवहार मोडून पैसे परत घेता येतात, असं अनेकांनी धरूनच ठेवलेलं असतं. अमेरिकेत घरखरेदीच्या करारात अशी मुदत सर्रास लिहिलेली असते, त्यामुळे तिथे राहून आलेली मंडळी इथेही तसंच असेल असं समजतात. भारतीय कायद्यात आपोआप मिळणारी अशी कोणतीही मुदत नाही.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ विक्रेत्यावर इथे महत्त्वाच्या अशा दोन जबाबदाऱ्या टाकतं. खरेदीदाराला नेहमीच्या काळजीनं सापडणार नाही असा दोष ठाऊक असेल तर तो सांगायचा, आणि मागितल्यास मालकीचे कागद तपासायला द्यायचे. बाकी सगळी काळजी खरेदीदाराची. चौकशीची मुदत हवी असेल तर ती करारात लिहून घ्यावी लागते, नाहीतर पैसे देण्याआधी स्वतःच काढावी लागते. साध्या रीसेल व्यवहाराला पंधरा दिवस पुरतात. बँकेच्या लिलावात तेवढेही सुखानं मिळत नाहीत. तिथला हिशेब वेगळा आहे आणि तो पुढे दिला आहे.

टोकन परत मिळतं का?

बहुतेकदा नाही. या प्रश्नावरचे सर्वोच्च न्यायालयाचे दोन महत्त्वाचे निकाल दिल्लीतल्याच व्यवहारांतून आले आहेत.

१९४९ मध्ये दिल्लीतल्या एका बंगल्याचा सौदा १,१२,५०० रुपयांना ठरला. खरेदीदारानं १,००० रुपये विसार आणि त्यानंतर २४,००० रुपये दिले. व्यवहार फिसकटला. १९६३ मध्ये न्यायालयानं सांगितलं की विसाराचे १,००० रुपये विक्रेत्याला ठेवता येतील. पण करारात तसं लिहिलंय एवढ्यावरून २४,००० जप्त होत नाहीत. त्यासाठी वाजवी भरपाई किती, हेच पाहावं लागेल.

दुसरा निकाल २०१२ चा, सतीश बत्रा विरुद्ध सुधीर रावल. सौदा ७० लाखांचा, विसार ७ लाखांचा. खरेदीदारानं पुढची रक्कम दिली नाही. उच्च न्यायालयानं विक्रेत्याला ५० हजारच ठेवू दिले होते. सर्वोच्च न्यायालयानं पूर्ण ७ लाखांची जप्ती योग्य ठरवली, कारण करारात ती रक्कम व्यवहार पार पडेल याची हमी म्हणून दिल्याचं आणि खरेदीदार मागे हटल्यास बुडेल असं स्पष्ट लिहिलं होतं.

म्हणजे पावतीवर ‘बयाना’ आणि ‘खरेदीदारानं माघार घेतल्यास जप्त’ ही वाक्यं असतील, तर कागद तपासायचे राहून गेले होते ही सबब फारशी चालत नाही. विक्रेत्यानं दोष दडवला हे सिद्ध करता आलं तर गोष्ट वेगळी. पण सिद्ध करायचं तुम्हाला, आणि तोवर पैसे त्याच्याकडे.

पावतीत काय लिहून घ्यायचं

दिल्लीच्या बाजारात सौदा पक्का झाला की किमतीच्या दहा टक्क्यांपर्यंत बयाना मागायची रीत आहे. कागद तपासून होईपर्यंत तुम्ही लाखाच्या वर जाऊ नका. आणि पावतीत पुढच्या अटी घाला:

- ही रक्कम केवळ आगाऊ रक्कम आहे. खरेदीदाराच्या वकिलानं मालकीचे कागद तपासून लेखी मान्यता दिल्यावरच ती विसार मानली जाईल.
- तपासणीची मुदत १५ दिवस, आणि ती सगळे कागद हाती आल्याच्या दिवसापासून मोजायची. पावतीच्या तारखेपासून मोजली तर विक्रेता बाराव्या दिवशी झेरॉक्स पाठवतो आणि मुदत संपते.
- मालकीत दोष, प्रलंबित दावा, थकबाकी किंवा मंजूर नकाशापेक्षा वेगळं बांधकाम आढळल्यास सात दिवसांत पूर्ण रक्कम परत.
- मालमत्तेच्या कागदांमुळे बँकेनं कर्ज नाकारल्यास पूर्ण रक्कम परत. (तुमच्या उत्पन्नामुळे कर्ज नाकारलं गेलं तर विक्रेता ही अट मानणार नाही, आणि त्याचं म्हणणं वाजवी आहे.)

सही मालकाचीच हवी. मालक दोघं असतील तर दोघांची. डीलरच्या लेटरहेडवरच्या पावतीनं मालक बांधला जात नाही. पैसे मालकाच्या खात्यातच भरा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यानं बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक गोष्ट बजावली आहे: दोन लाख किंवा जास्त रोख दिल्याचा दावा कोर्टात आला, तर त्याची खबर आयकर विभागाला द्यायची. रोखीनं दिलेलं टोकन परत मागायला गेलात तर चौकशी तुमचीही होते.

विक्रेता यातली एकही अट मानायला तयार नसेल तर टोकन देऊ नका, पण चौकशी थांबवू नका. पुढचे बहुतेक कागद सरकारी नोंदींत आहेत आणि ते पाहायला कुणाची परवानगी लागत नाही. ‘उद्या दुसरी पार्टी येतेय’ हे खरंही असू शकतं. तो फ्लॅट जाईल. या पट्ट्यात विकाऊ फ्लॅट्सची टंचाई नाही.

घर ज्या राज्यात, कागद तिथला

सातबारा, फेरफार, इंडेक्स टू आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट एवढ्यावर महाराष्ट्रात काम बरंच पुढे जातं. मेट्रोच्या एकाच जाळ्यावर तीन राज्यांचे कायदे लागू होतात अशा या महानगरात ते चालत नाही.

*नोएडा आणि ग्रेटर नोएडा.* इथली जमीन प्राधिकरणाची. बिल्डरला ती साधारण ९० वर्षांच्या पट्ट्यानं मिळते आणि फ्लॅटधारकाला त्याखालचा उप-पट्टा. त्यामुळे ‘मालक’ म्हणवणाऱ्याकडे नोंदणीकृत उप-पट्टा आहे का, हा पहिला प्रश्न. हजारो फ्लॅट्समध्ये लोक राहतात, भाडंही येतं, पण ‘रजिस्ट्री’ झालेली नाही, कारण बिल्डरनं प्राधिकरणाचे पैसे थकवले आहेत. असा फ्लॅट विकणारा माणूस तुम्हाला फक्त बिल्डरच्या वाटपपत्रावरचं आपलं नाव बदलून देत असतो. अडकलेल्या प्रकल्पांसाठी केंद्रानं नेमलेल्या अमिताभ कांत समितीनं २०२३ मध्ये अहवाल दिला आणि त्याच्या आधारे उत्तर प्रदेश सरकारनं डिसेंबर २०२३ मध्ये थकबाकीत सवलतीची योजना मंजूर केली. तुमच्या प्रकल्पाच्या बिल्डरनं त्या योजनेत पैसे भरले का, हे प्राधिकरणाच्या कार्यालयात विचारा. ‘लवकरच रजिस्ट्री सुरू होतेय’ हे डीलरचं आश्वासन उत्तर म्हणून धरू नका.

रजिस्ट्री झालेला फ्लॅट असेल तर विक्रीला प्राधिकरणाचं ट्रान्स्फर मेमोरँडम लागतं आणि त्याचं शुल्क कुणी भरायचं हे आधी ठरवावं लागतं. उत्तर प्रदेशच्या निबंधक खात्याकडून ‘बारह साला’ म्हणजे बारा वर्षांचा बोजा-दाखला मिळतो. तो घ्या, पण वकिलाला तीस वर्षं मागे जायला सांगा. जेवर विमानतळाच्या नावानं विकल्या जाणाऱ्या प्लॉट्सबाबत विशेष सावध राहा. यमुना एक्स्प्रेसवे प्राधिकरणाच्या अधिसूचित क्षेत्रातली शेतजमीन तुकडे पाडून ‘फार्महाउस प्लॉट’ म्हणून विकली जाते, आणि तिथे बांधकामाला परवानगी मिळत नाही. यमुनेच्या पूरक्षेत्रातली अशी फार्महाउसं नोएडा प्राधिकरणानं २०२२ मध्ये पाडली.

*गुरुग्राम आणि फरिदाबाद.* जमीन जमाबंदीत पाहा, फेरफाराला इथे इंतकाल म्हणतात. दोन्ही हरियाणाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. वसाहतीला नगररचना विभागाचं, म्हणजे डीटीसीपीचं, लायसन्स आहे का आणि ते चालू आहे का, हे तपासा. एचएसव्हीपी या हरियाणाच्या शहरी विकास प्राधिकरणाचा प्लॉट असेल तर ‘एन्हान्समेंट’ विचारा. संपादित जमिनीचा मोबदला कोर्टानं वाढवला की ती वाढ प्राधिकरण प्लॉटधारकांकडून वसूल करतं, आणि ही मागणी विक्रीनंतर काही वर्षांनी नव्या मालकाच्या दारात येते. यमुना एक्स्प्रेसवेच्या पट्ट्यातही शेतकऱ्यांना दिलेल्या ६४.७ टक्के वाढीव मोबदल्याचा भार भूखंडधारकांवर टाकणं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये वैध ठरवलं. विक्रीकरारात एक ओळ घाला: खरेदीखताच्या तारखेपूर्वीच्या काळातल्या सर्व मागण्या, त्या केव्हाही आल्या तरी, विक्रेता भरेल.

*दिल्ली.* इथला सर्वांत जुना सापळा म्हणजे ‘जीपीए’वरची विक्री: कुलमुखत्यारपत्र, विक्रीकरार, मृत्युपत्र आणि पावती असा जुडगा. ११ ऑक्टोबर २०११ च्या सूरज लॅम्प निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशा कागदांनी मालकी जात नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीच्याच आंबेडकर बस्तीतल्या एका घराच्या वादात तेच पुन्हा सांगितलं. तरीही असे व्यवहार रोज होतात, कारण भाव कमी असतो. अनधिकृत वसाहतींपैकी १,७३१ वसाहतींतल्या रहिवाशांना हक्क देण्यासाठी २०१९ मध्ये पीएम-उदय योजना आली. तुमचा विक्रेता त्या योजनेत हक्क मिळवून मग विकणार असेल तर थांबा आणि तो कागद हाती येऊ द्या. तोवर भाव वाढेल म्हणून आत्ताच घ्या, हा सल्ला कधीही मानू नका. लाल डोऱ्यातल्या, म्हणजे जुन्या गावठाणातल्या, मालमत्तेलाही हीच काळजी.

बिल्डर फ्लोअर, म्हणजे छोट्या इमारतीतला एक स्वतंत्र मजला, घेत असाल तर महापालिकेत जाऊन ती इमारत ‘बुक’ झालेली आहे का विचारा. अनधिकृत बांधकामाची नोंद झाली की दिल्लीत असंच म्हणतात, आणि बुक झालेल्या मजल्याला सील लागायला केव्हाही निमित्त मिळतं. नोंदणीकृत खरेदीखतं ‘डोरिस’ या सरकारी संकेतस्थळावर शोधता येतात.

दाव्यांची तपासणी मात्र वेगळी करावी लागते. महाराष्ट्रात १९३९ च्या मुंबई दुरुस्तीमुळे प्रलंबित दाव्याची नोटीस निबंधकाकडे नोंदवायची पद्धत आहे, त्यामुळे ती सर्च रिपोर्टमध्ये दिसू शकते. दिल्लीत तशी नोंदणी आवश्यक नाही. भावाभावांचा वाटणीचा दावा चालू असेल तरी निबंधकाच्या नोंदीत काही दिसणार नाही, आणि दाव्याचा निकाल तुमच्यावर बांधील राहील. म्हणून विक्रेत्याच्या, त्याच्या वडिलांच्या आणि आधीच्या दोन मालकांच्या नावानं ई-कोर्ट्सवर जिल्हा न्यायालय आणि उच्च न्यायालयाच्या नोंदी पाहा, शिवाय एका हिंदी आणि एका इंग्रजी दैनिकात जाहीर नोटीस द्या. गहाण आहे का, हे सेरसाई या गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीत थोड्या शुल्कात कळतं.

सरकारी मंजुरी असूनही पाडलेली घरं

‘सगळे अप्रूव्हल्स आहेत’ हे ऐकल्यावर चौकशी संपवणाऱ्यांनी फरिदाबादचं कांत एन्क्लेव्ह आठवावं. हरियाणाच्या नगररचना विभागानं स्वतः परवानग्या दिल्या होत्या. पण १८ ऑगस्ट १९९२ च्या अधिसूचनेनं ती अरवलीतली जमीन पंजाब भूमी संरक्षण कायद्याखाली आली होती आणि तिथे वनजमिनीचे निर्बंध लागू होते. ११ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्या तारखेनंतरची बांधकामं पाडायला सांगितली. भरपाई मिळाली, पण वर्षानुवर्षं राहिलेली घरं गेली.

नोएडाच्या सेक्टर ९३अ मधले सुपरटेकचे जुळे मनोरे तर प्राधिकरणाच्या मंजूर नकाशावर उभे होते. अलाहाबाद उच्च न्यायालयानं ११ एप्रिल २०१४ रोजी आणि सर्वोच्च न्यायालयानं ३१ ऑगस्ट २०२१ रोजी ते बेकायदा ठरवले: दोन इमारतींमधलं किमान अंतर पाळलं नव्हतं, आधीच्या फ्लॅटधारकांची संमती घेतली नव्हती, आणि प्राधिकरणाच्या अधिकाऱ्यांची बिल्डरशी मिलीभगत होती. २८ ऑगस्ट २०२२ रोजी सुमारे ३,७०० किलो स्फोटकांनी ते पाडले गेले. खरेदीदारांना १२ टक्के व्याजासह पैसे परत देण्याचा आदेश होता. २०१४ च्या निकालाची बातमी देशभर छापून आली होती, हे इथे महत्त्वाचं. प्रकल्पाच्या नावानं एकदा शोध घेतला असता तरी त्यानंतर तिथे कुणी गुंतवणूक केली नसती.

तेव्हा तीन गोष्टी वेगळ्या तपासा. नकाशा मूळ आहे की सुधारित, आणि सुधारित असेल तर आधीच्या फ्लॅटधारकांनी तक्रार केली आहे का. अरवलीजवळची जमीन असेल तर वन विभागाच्या अधिसूचनेत तिचा खसरा क्रमांक आहे का. आणि भोगवटा प्रमाणपत्र तुम्ही घेताय त्याच टॉवरचं आहे का. एकाच प्रकल्पात एका टॉवरला ते असतं आणि शेजारच्याला नसतं.

लिलावातली स्वस्त मालमत्ता

बँकांच्या लिलावातल्या मालमत्ता बाजारभावापेक्षा खाली सुटतात, म्हणून गुंतवणूकदारांचा ओढा तिकडे आहे. जानेवारी २०२५ पासून ‘बँकनेट’ या एकाच संकेतस्थळावर सरकारी बँकांचे लिलाव दिसतात, त्यामुळे पुण्यात बसून गाझियाबादच्या फ्लॅटवर बोली लावणं सोपं झालंय. इथे चौकशीची मुदत नावालाही नाही. जाहिरातीत ‘जशी आहे, जिथे आहे, जे काही आहे’ या तत्त्वावर विक्री असं लिहिलेलं असतं, आणि त्याचा अर्थ न्यायालयं शब्दशः लावतात.

वेळापत्रक कडक आहे. साधारणपणे राखीव किमतीच्या दहा टक्के अनामत भरून बोली लावायची. बोली लागली की त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी, अनामत धरून २५ टक्के. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत; बँकेनं लेखी मुदतवाढ दिली तरी ती तीन महिन्यांपलीकडे जात नाही. चुकलात तर भरलेली रक्कम जप्त.

ही जप्ती कितपत कठोर असते? कोइमतूरच्या एका प्रकरणात बोली १२.२७ कोटींची होती. बोली लावणाऱ्याला उरलेली रक्कम वेळेत उभी करता आली नाही. २ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सेंट्रल बँकेच्या बाजूनं निकाल देत ३ कोटी ६ लाखांहून अधिक अशी पूर्ण पंचवीस टक्के रक्कम जप्त होऊ शकते असं ठरवलं. खासगी सौद्यात ‘वाजवी भरपाई’चा जो आधार मिळतो, तो बँकांच्या कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्याखालच्या लिलावात मिळत नाही.

थकबाकीही तुमच्याकडे येऊ शकते. १९ मे २०२३ च्या केरळ वीज मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नियमांत तशी तरतूद असेल तर आधीच्या मालकाचं वीजबिल लिलावात घेणाऱ्याकडून वसूल करता येतं. देखभाल खर्च, मालमत्ता कर, नोएडात पट्ट्याचं भाडं आणि ट्रान्स्फर शुल्क यांचंही पाहून घ्यावं लागतं. बँकेला बोजे जाहीर करावे लागतात, पण तिला *माहीत असलेले*. तिनं चौकशीच केली नसेल तर जाहिरातीत काहीच नसतं.

मुदत कुठे मिळते? जाहिरात आणि लिलाव यांच्यामध्ये. पहिल्या लिलावाची नोटीस किमान ३० दिवस आधी द्यावी लागते, पुन्हा घेतलेल्या लिलावाची १५ दिवस. तेवढ्यात हे करा:

- ताबा प्रत्यक्ष आहे की प्रतीकात्मक, हे नोटिशीत वाचा. प्रतीकात्मक असेल तर आत कर्जदार किंवा भाडेकरू राहतोय. त्याला काढायला बँकेला जिल्हाधिकारी किंवा मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं आणि त्यात महिने जातात. नवख्या माणसानं प्रतीकात्मक ताब्याच्या मालमत्तेपासून दूर राहणं बरं.
- पाहणीच्या दिवशी स्वतः जा किंवा दिल्लीतल्या नातेवाइकाला पाठवा. वॉचमन आणि शेजारी यांच्याशी बोला. सोसायटीच्या कार्यालयात थकबाकीचा आकडा लेखी मागा.
- अधिकृत अधिकाऱ्याला ईमेलनं विचारा: कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज आहे का, स्थगिती आहे का, मूळ मालकीचे कागद बँकेच्या ताब्यात आहेत का. उत्तर आलं नाही तरी ईमेल जपून ठेवा.
- तुमच्या बँकेकडून लिलावाच्या मालमत्तेवर कर्ज मिळेल असं लेखी घ्या. पंधरा दिवसांत सगळी रक्कम उभी राहणार नसेल तर बोली लावू नका.

कर्जदार शेवटच्या क्षणी पैसे भरून मालमत्ता सोडवेल ही भीती मात्र कमी झाली आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या जमिनीच्या लिलावावरून झालेल्या सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या खटल्यात, सप्टेंबर २०२३ मध्ये, लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाल्यावर कर्जदाराचा सोडवणुकीचा हक्क संपतो असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. नोटीसच नियमाप्रमाणे दिली नव्हती, असा वाद तो तरीही घालू शकतो.

नवा प्रकल्प: दहा टक्क्यांची मर्यादा

इथे कायदा तुमच्या बाजूनं सर्वांत स्पष्ट आहे. रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत विक्रीकरार झाल्याशिवाय बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ‘बुकिंगला वीस टक्के, करार नंतर’ म्हणणारा बिल्डर कायदा मोडतोय. रेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, मंजूर नकाशे, तिमाही प्रगती आणि खटले वाचा. उत्तर प्रदेशात प्रकल्पाच्या नोंदवलेल्या जमा-खात्यातच पैसे भरा, बिल्डरच्या दुसऱ्या कंपनीच्या खात्यात नाही.

गुंतवणूकदारांनी दोन योजनांपासून जपावं. एक, ताबा मिळेपर्यंत हप्ते बिल्डर भरेल अशी सबव्हेन्शन योजना. कर्ज तुमच्या नावावर असतं. बिल्डरनं हप्ते थांबवले की बँक तुमच्याकडे येते. एनसीआरमध्ये, म्हणजे दिल्लीभोवतीच्या या पट्ट्यात, हे इतक्या लोकांच्या वाट्याला आलं की सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये बिल्डर आणि बँकांच्या संगनमताची सीबीआय चौकशी लावली आणि जुलैत २२ गुन्हे नोंदवायला परवानगी दिली.

दोन, ‘अॅश्युअर्ड रिटर्न’ आणि ‘बायबॅक’. १२ सप्टेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल प्रत्येक गुंतवणूकदारानं समजून घ्यावा असा आहे. एनसीआरमधल्याच एका प्रकल्पात ३५ लाख देऊन चार फ्लॅट घ्यायचे, नाहीतर वर्षभरानं बिल्डरनं एक कोटी द्यायचे, असा करार होता. पैसे मिळाले नाहीत तेव्हा दिवाळखोरी कायद्याखाली अर्ज झाला. न्यायालयानं अशा खरेदीदाराला सट्टेबाज गुंतवणूकदार ठरवलं. त्याला बिल्डरविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करता येत नाही. २०१८ पासून घरखरेदीदारांना आर्थिक धनकोचा दर्जा आहे, पण बायबॅकवर सही करणारा त्यातला हा हक्क गमावू शकतो. जेपी इन्फ्राटेकच्या दिवाळखोरीत हजारो खरेदीदारांना २०१७ पासून मार्च २०२३ पर्यंत योजनेच्या मंजुरीची वाट पाहावी लागली, ती हा दर्जा असूनही.

भिंती पाहा

गुरुग्रामच्या सेक्टर १०९ मधल्या चिंटल्स पॅराडिसोत १० फेब्रुवारी २०२२ रोजी एका टॉवरचे मजले कोसळून दोन जीव गेले. दिल्लीतल्या मुखर्जीनगरचं सिग्नेचर व्ह्यू तर दिल्ली विकास प्राधिकरणानं, म्हणजे डीडीएनं, बांधलेलं, ३३६ फ्लॅट्सचं. तेही राहण्यास धोकादायक ठरलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं रिकामं करायला सांगितलं. रंगरंगोटी नुकतीच झाली असेल तर तळघर आणि गच्ची पाहा. स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी या व्यवहारातल्या सगळ्या खर्चांत लहान असते.

आणि पैसे देताना: किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर एक टक्का टीडीएस कापून भरणं ही खरेदीदाराची जबाबदारी. विक्रेता अनिवासी असेल तर हा दर एक टक्का राहत नाही, बराच वाढतो. गुरुग्राममध्ये अनिवासी विक्रेते खूप आहेत. सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय शेवटचा धनादेश देऊ नका, कारण न कापलेला कर तुमच्याकडून वसूल होतो.

पैसे अडकले तर

*बिल्डरकडे.* ताबा वेळेत दिला नाही तर रेरा कायद्याच्या कलम १८ खाली व्याजासह परतावा मागण्याचा हक्क बिनशर्त आहे, असं न्यूटेक प्रमोटर्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ११ नोव्हेंबर २०२१ रोजी सांगितलं. तुम्ही स्वतःहून बुकिंग रद्द केलंत तरी बिल्डर मनाला येईल तेवढं कापू शकत नाही. गुरुग्रामच्या गोदरेज समिट प्रकरणात करारात २० टक्के लिहिले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयानं मूळ किमतीच्या १० टक्क्यांची कपात कायम ठेवली. तक्रार योग्य ठिकाणी करा: गुरुग्राम जिल्ह्याचं रेरा प्राधिकरण वेगळं आहे, फरिदाबाद मात्र पंचकुला प्राधिकरणाकडे येतं.

*ग्राहक आयोगात.* दिलेल्या मोबदल्याच्या हिशेबानं ५० लाखांपर्यंत जिल्हा, दोन कोटींपर्यंत राज्य, त्यावर राष्ट्रीय आयोग. मुदत दोन वर्षांची. एकाहून जास्त फ्लॅट विक्रीसाठी घेतले असतील तर ‘तुम्ही ग्राहक नाही, व्यापारी आहात’ असा बचाव येणार हे धरून चला. गुंतवणूकदारासाठी रेराचा रस्ता सहसा बरा.

*खासगी विक्रेत्याकडे.* तो फिरला तर करार पार पाडून घेण्याचा दावा तीन वर्षांत करावा लागतो, आणि ठरलेल्या दिवशी उरलेली रक्कम तुमच्याकडे तयार होती हे दाखवावं लागतं. म्हणून त्या तारखेचं बँक स्टेटमेंट, कर्जमंजुरीचं पत्र आणि निबंधक कार्यालयात हजर राहिल्याचा पुरावा जपा. दोष त्याचा असेल तर दिलेल्या रकमेचा बोजा कलम ५५ प्रमाणे त्या मालमत्तेवर राहतो; दाव्यात तो मागायला वकिलाला सांगा. वकिलाची नोटीस पाठवल्यानं यांपैकी कोणतीही मुदत थांबत नाही आणि तडजोडीची तोंडी बोलणी चालू असली तरी ती धावतच राहते, तेव्हा मुदत संपायला दोन-तीन महिने उरले की उत्तराची वाट न पाहता दावा दाखल करा.